घर घ्यावं की भाड्यानं राहावं? मुक्कामाचा हिशोब

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय असा आहे, की त्यावर प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं असतं. सभागृहात शिरताना एक काका मला म्हणाले, "भाडं म्हणजे पैसे पाण्यात, यात व्याख्यान कसलं करायचं?" त्यांच्या मागोमाग एक तरुण आला. तो म्हणाला, "सर, कर्ज काढून घर घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे, हे एकदा सांगा सगळ्यांना." दोघंही आता पुढच्या रांगेत शेजारी शेजारी बसले आहेत. (हशा)

मी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात बरीच वर्षं काढली. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या माणसाचा पगार, वय, घराची किंमत, सगळं आम्ही विचारायचो. पण एक प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये कधीच नव्हता. तो म्हणजे, "या घरात तुम्ही किती वर्षं राहणार?" आज मला वाटतं, तोच पहिला प्रश्न असायला हवा. आजचं सगळं बोलणं त्या एका प्रश्नाभोवती आहे.

आई-वडिलांचं भाडं आणि आपलं भाडं

आधी थोडं मागे जाऊ. माझे वडील नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत जवळजवळ चाळीस वर्षं भाडेकरू होते. मालक आले, गेले, त्यांची मुलं आली, पण आम्हाला कुणी "खोली सोडा" म्हणू शकलं नाही. याचं कारण कायदा. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा असा होता, की जुन्या जागांचं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं तिथेच बांधलं गेलं. भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य होतं. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात कौलं बदलणंही परवडत नव्हतं, म्हणून वाडे पडले, ही त्याची दुसरी बाजू. पण भाडेकरूच्या दृष्टीनं तो मुक्काम मालकीच्या इतका जवळ होता, की मुंबईत त्या हक्काची पागडी देऊन खरेदी-विक्री व्हायची.

आता आपण राहतो ते भाडं वेगळं आहे. ते 'लीव्ह अँड लायसन्स'. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्यात जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं आणि त्यांच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची सोय झाली. पण लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस मुदत संपल्यावर जागा सोडायला बांधील आहे. सोडली नाही, तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते.

हे एवढं का सांगतोय? तर घरात वाद होतो तेव्हा दोन पिढ्या 'भाडं' हा एकच शब्द वापरतात आणि दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. वडिलांच्या वेळी भाड्यात स्थैर्य होतं. तुमच्या वेळी भाड्यात मोकळीक आहे, स्थैर्य नाही. त्यामुळे त्यांच्या अनुभवावरून तुमचा निर्णय निघत नाही. तुमच्या मोकळेपणाच्या कल्पनेनं त्यांची काळजीही खोटी ठरत नाही.

व्याज हेसुद्धा भाडंच

आता आकड्यांकडे येऊ. वही असेल तर काढा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. घरी गेल्यावर तुमचे घाला.

पुण्यात दोन बेडरूमचा एक फ्लॅट, जुना म्हणजे रीसेलचा, किंमत ८० लाख. त्याच सोसायटीत तसाच फ्लॅट २२,००० रुपये भाड्यानं मिळतो.

घ्यायचा ठरवलात तर बँक ८० टक्के कर्ज देईल, म्हणजे ६४ लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला हीच मर्यादा आहे. उरलेले १६ लाख तुमचे. पण गोष्ट १६ लाखांवर थांबत नाही. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. नोंदणी फी ३०,०००. एजंटचा एक टक्का, ८०,०००. रंग, कपाटं, थोडी प्लंबिंगची कामं, २ लाख ३० हजार धरू. बेरीज झाली २५ लाख. त्यातले ९ लाख असे, की ते घराच्या किमतीत नाहीत. दाराच्या आत पाऊल टाकलंत की ते संपले.

आता हप्ता. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली, तर महिन्याला साधारण ५५,५४० रुपये.

लोक म्हणतात, "भाडं मालकाच्या खिशात जातं, हप्ता माझ्या घरात जातो." बघू या किती जातो. पहिल्या महिन्याच्या ५५,५४० पैकी व्याज आहे ४५,३३३ रुपये. मुद्दल फिटतं १०,२०० च्या आसपास. पाच वर्षांत तुम्ही बँकेला देता सुमारे ३३ लाख ३० हजार. त्यातून कर्ज कमी होतं ७ लाख ६० हजारांनी. उरलेले पावणेसव्वीस लाखांच्या आसपास व्याज.

म्हणजे व्याज काय आहे? दुसऱ्याच्या पैशाचं भाडं. घराचं भाडं २२,००० आणि पैशाचं भाडं ४५,०००. पहिल्या वर्षांत हा सरळ व्यवहार आहे, आणि तो कुणी आपल्याला असा मांडून दाखवत नाही. शिवाय मालक झाल्यावर सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर, गळती, लिफ्टची वर्गणी हे सगळं तुमचं. महिन्याला ५,००० धरा.

पुढच्या रांगेतला तरुण खूश झालेला दिसतोय. थांबा जरा.

दहा वर्षांनंतरची दोन घरं

आपण दोन कुटुंबं घेऊ. दोघांकडे २५ लाख आहेत आणि महिन्याला ६०,५०० बाजूला काढायची ताकद आहे. पहिल्या कुटुंबानं फ्लॅट घेतला. दुसऱ्यानं भाड्यानं घेतला आणि उरलेले पैसे साठवले, साधे, बँकेत, ७ टक्क्यांनी. करबीर सध्या बाजूला ठेवू. भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतं असं धरू.

दहा वर्षांनी भाडेकरू कुटुंबाकडे सुमारे १ कोटी ७ लाख जमतात. त्यात जवळजवळ निम्मे सुरुवातीच्या २५ लाखांचे झालेले आहेत आणि ५८ लाख महिन्याच्या बचतीचे.

मालक कुटुंबाचं काय? त्यांचं कर्ज अजून ४४ लाख ८० हजार बाकी आहे. वीसपैकी दहा वर्षं संपली, तरी निम्मं कर्ज फिटलेलं नाही, हे लक्षात घ्या. घराची किंमत वर्षाला ५ टक्के वाढली असेल, तर ती १ कोटी ३० लाख होते. कर्ज वजा जाता हातात साडेपंच्याऐंशी लाख. इथे भाडेकरू पुढे. किंमत ८ टक्क्यांनी वाढली असेल, तर कर्ज वजा जाता १ कोटी २८ लाख. इथे मालक पुढे. दोघं बरोबरीत येतात ते वर्षाला साडेसहा टक्के वाढीच्या आसपास.

त्यामुळे "घरात पैसे गुंतवले की वाढतातच" असं म्हणणाऱ्याला विचारा, किती टक्क्यांनी? तुमच्या भागात गेल्या दहा वर्षांत प्रत्यक्ष व्यवहार कोणत्या भावानं झाले, ते सोसायटीतल्या लोकांना विचारा. जाहिरातीतला भाव आणि नोंदणी कार्यालयात लिहिलेला भाव यांत फरक असतो.

आता तरुण मित्रासाठी. भाडेकरू कुटुंबानं महिन्याची ती बचत पूर्ण केली, असं आपण धरलं. समजा त्यांनी निम्मीच केली. बाकी निम्मी गाडी, सहली आणि ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंत गेली. मग त्यांच्याकडे उरतात साधारण ७९ लाख. म्हणजे घराची किंमत फक्त ५ टक्क्यांनी वाढली, तरी मालक कुटुंब पुढे जातं.

बँकेत बसून मी हेच पाहिलं. पगारातून हप्ता आपोआप कापला जातो, म्हणून माणूस भरतो. आरडी मोडायला मात्र त्याला एक लग्न किंवा एक दिवाळी पुरते. हप्ता ही सक्तीची बचत आहे. महाग आहे, पण सक्तीची आहे. "भाड्यानं राहून फरक गुंतवीन" हे गणित कागदावर बरोबर असतं. ते तुमच्या बाबतीत बरोबर आहे का, हे कळायला तुमचं गेल्या तीन वर्षांचं पासबुक पुरेसं आहे.

किती वर्षं?

आता मूळ प्रश्नाकडे. सुरुवातीला जे ९ लाख खर्च झाले, ते मुक्कामाच्या वर्षांवर वाटा. वीस वर्षं राहिलात तर वर्षाला ४५,०००. दहा वर्षं राहिलात तर ९०,०००. तीन वर्षांत बदली झाली किंवा नोकरी बंगळुरूला गेली, तर वर्षाला ३ लाख, म्हणजे भाड्यापेक्षाही जास्त, आणि तेही मुद्दल फारसं फिटलेलं नसताना.

म्हणून माझा ठोकताळा असा आहे. त्याच घरात पाच वर्षांहून कमी राहण्याची शक्यता असेल, तर भाड्यानं राहा. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. दहा वर्षांहून जास्त राहणार हे नक्की असेल, मुलांची शाळा ठरली असेल, दोघांच्या नोकऱ्या त्याच शहरात टिकण्यासारख्या असतील, आणि हप्ता घरात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत बसत असेल, तर घ्या. पाच ते दहाच्या मध्ये असाल, तर तुमच्या भागातल्या किमती आणि तुमचं पासबुक पाहून ठरवा.

एक तृतीयांशच का म्हणतो ते सांगतो. व्याजदर बदलतात. २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला. समजा ६४ लाखांचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी घेतलं होतं, हप्ता होता ४७,७१७. दर झाला ९ टक्के. आता महिन्याचं नुसतं व्याजच ४८,००० होतं! हप्ता भरूनही कर्ज कमी होत नाही, उलट चढतं. अशा वेळी पुष्कळांची मुदत न कळत लांबली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं, की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. तुम्हाला तसं पत्र आलं तर ते ड्रॉवरमध्ये टाकू नका. शक्य असेल तर हप्ता वाढवा. आणि सहा महिन्यांचे हप्ते वेगळे ठेवल्याशिवाय खरेदीखतावर सही करू नका.

बांधकाम चालू असलेलं घर

यात एक तिसरा प्रकार आहे आणि सगळ्यात जास्त माणसं तिथे पोळतात. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. दोघंही नोकरीला. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला, दोन वर्षांत ताबा मिळणार होता. ताबा मिळाला सहाव्या वर्षी. तोपर्यंत राहत्या घराचं भाडं चालू आणि बँकेनं बिल्डरला दिलेल्या रकमेवरचं व्याजही चालू. पैशापेक्षा वाईट म्हणजे, "घर झालं की मग मूल" असं त्यांनी ठरवलं होतं. बाई एकदा माझ्या टेबलासमोर बसून म्हणाल्या, "सर, घर होईल हो, पण आमची वर्षं कोण परत देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२०१७ पासून महारेरा आहे. प्रकल्पाची नोंदणी, ताब्याची कबूल केलेली तारीख, मुदतवाढ घेतली का, हे संकेतस्थळावर दिसतं. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. उशीर झाला तर व्याज किंवा पैसे परत मागण्याचा हक्क आहे. हे सगळं वापरा. पण हिशोब करताना भाडं आणि हप्ता दोन्ही भरावे लागतील असं धरूनच करा. चालू बांधकामावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो लागत नाही, हेही लक्षात ठेवा.

भाड्यानं राहायचं तर नीट राहा

आपल्याकडे भाडेकरू स्वतःलाच पाहुणा समजतो. अकरा महिन्यांचा करार करतो आणि दहाव्या महिन्यापासून त्याची झोप उडते. आता हे अकरा महिने कुठून आले? नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, ती टाळायला अकरा. पण महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असला, तरी लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. मग अकराचा फायदा काय राहिला? काही नाही. साठ महिन्यांपर्यंतचा करार करता येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. २२,००० भाडं, १ लाख अनामत आणि छत्तीस महिने धरले, तर सुमारे दोन हजार रुपये. वर नोंदणी फी शहरात एक हजार. तीन वर्षांची शांतता तीन हजारांत मिळते. भाडं दरवर्षी किती वाढणार आणि किती महिने कुणी कुणाला हलवायचं नाही, हे त्यात लिहून घ्या.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. भाड्याचा बाजार सगळ्यांना सारखा खुला नाही. एकटी राहणारी मुलगी, घटस्फोटित बाई, मुस्लिम कुटुंब, दलित आडनाव, मटण-मासे खाणारे, यांना फोनवर "जागा आहे" आणि भेटल्यावर "आत्ताच गेली" हे ऐकावं लागतं. त्यांच्यासाठी दर तीन वर्षांनी घर शोधणं म्हणजे दर तीन वर्षांनी अपमान. अशा माणसानं गणितात थोडा तोटा सोसून स्वतःचं घर घेतलं, तर त्याला मी चुकीचं म्हणणार नाही. त्या तोट्यात त्यानं काय विकत घेतलं, ते त्याला माहीत आहे.

म्हातारपणाचं छप्पर

शेवटचा मुद्दा. काकांची पाळी आली.

आपलं भाडं ५ टक्क्यांनी वाढतंय. २२,००० चे दहा वर्षांनी सुमारे ३५,८०० होतात. एकोणीस वर्षांनी होतात ५५,६००, म्हणजे मालकाच्या हप्त्याइतके. आणि पुढच्या वर्षी मालकाचा हप्ता संपतो. भाडेकरूचं भाडं मात्र चालूच राहतं, आणि नेमका तेव्हाच पगार थांबतो.

पैसे साठवले असतील तर भाडं भरता येईलही. पण सत्तराव्या वर्षी मालक म्हणाला, "मुलगा परत येतोय, घर खाली करा," तर खोकी कोण भरणार? ओळखीचा डॉक्टर, कोपऱ्यावरचा दुकानदार, सकाळी फिरायला सोबत येणारी माणसं, हे सगळं सोडून दुसरीकडे जायचं. आणि म्हाताऱ्या जोडप्याला घर द्यायला मालक कचरतात, हे मी पाहिलंय. म्हणून मी म्हणतो, तरुणपणी भाड्यानं राहणं हा निर्णय असू शकतो. म्हातारपणी भाड्यानं राहणं ही बहुतेक वेळा वेळ आलेली असते. निवृत्तीच्या वेळी डोक्यावर आपलं छप्पर असावं, मग ते लहान असो, गावाकडे असो, जुनं असो. ते तिसाव्या वर्षीच, मुंबई-पुण्यातच आणि ऐपतीच्या टोकावर जाऊनच घेतलं पाहिजे, असं मात्र नाही.

आपल्याकडे म्हण आहे, घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. लोक ती आग्रहासारखी वापरतात, "घेऊन टाक" म्हणून. खरं तर तो इशारा आहे, की यात काय काय निस्तरावं लागतं ते उतरल्यावरच कळतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*मुलीकडचे लोक विचारतात, मुलाचं स्वतःचं घर आहे का. मग काय करायचं?*

त्यांना विचारा, "घर हवंय की कर्ज?" (हशा) नाही, पण गंभीरपणे सांगतो. लग्नाआधी घाईनं एकट्यानं घेतलेलं घर पुष्कळदा बायकोच्या नोकरीपासून दीड तासावर निघतं. लग्नानंतर दोघांनी मिळून, दोघांच्या नावावर घ्या. साठवलेली रक्कम दाखवा, समजूतदार माणसांना ती पुरते. ज्यांना पुरत नाही, त्यांच्यासाठी वीस वर्षांचं कर्ज काढू नका.

*करसवलतीसाठी घर घ्यावं का?*

नाही. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावटही नाही आणि घरभाडे भत्त्याची सूटही नाही. जुन्या प्रणालीत असाल तर फायदा धरा, पण सवलत म्हणजे खर्चातला थोडा भाग परत मिळणं. त्यासाठी खर्च करायचा नसतो.

*मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, अजून भाड्यानंच राहते. उशीर झाला का?*

मोठ्या कर्जासाठी उशीर झाला. छपरासाठी नाही. जी रक्कम साठली आहे तिच्यात, कर्जाशिवाय किंवा अगदी थोड्या कर्जात, जिथे बसेल तिथे एक खोली बघा. दवाखाना जवळ हवा आणि इमारतीला लिफ्ट हवी, किंवा तळमजला हवा. बाई, तुमच्या बाबतीत मुक्काम किती वर्षांचा, हे ठरलेलंच आहे. त्यामुळे तुमचा निर्णय या सभागृहात सगळ्यात सोपा आहे. व्याख्यान संपल्यावर थांबा, आपण आकडे मांडू.